उजेडात टिकणाऱ्या रंगांचे आचार्य : डॉ. के. वेंकटरामन

जालना जिल्ह्याच्या काळ्या मातीत कापूस पिकतो आणि उन्हाळ्याचे ऊन त्याच कापसाच्या रंगीत कापडाची परीक्षा घेते. दोरीवर वाळणारा सदरा कालांतराने फिका का पडतो, या साध्या प्रश्नामागे रंगरसायनशास्त्र उभे आहे. ते शास्त्र महाराष्ट्रात रुजविण्यात डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांचा जन्म १९०१ साली मद्रास येथे झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते मँचेस्टरला गेले व रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन करून परतले. १९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात रुजू झाले आणि १९३८ साली त्याचे प्रमुख झाले. मुंबई गिरण्यांची नगरी होती. कृत्रिम रंग मात्र बहुतांशी परदेशातून येत. हे परावलंबन संपवायचे तर रंग जाणणारी माणसे येथेच घडली पाहिजेत, या ध्येयाने त्यांनी अध्यापन केले.

कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचा द्विखंडी इंग्रजी ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला व जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांचा आधारग्रंथ ठरला. पुढे त्यांच्या संपादनाखाली त्याचे आणखी खंड निघाले.

रंगाचा रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून गेली, तर रंग सुरक्षित राहतो. ती पुन्हा प्रकाशरूपाने बाहेर पडली, तर तिला प्रतिदीप्ती म्हणतात. धुण्याच्या पावडरीतील शुभ्रक द्रव्ये अदृश्य अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश देतात, म्हणून पांढरे कापड अधिक उजळ दिसते. परंतु उत्तेजित रेणूची प्राणवायूशी किंवा इतर द्रव्यांशी अभिक्रिया झाली, तर त्याची रचना मोडते आणि रंग उडतो. काही पिवळे व नारिंगी रंग तर स्वतः टिकतात, पण उन्हात सुताचा धागाच कमकुवत करतात. म्हणून पहिल्या दिवसाच्या झळाळीवरून रंगाची पारख होत नाही. त्याला प्रखर प्रकाशात ठेवूनच पाहावे लागते.

१९५७ साली वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेथे त्यांनी लाखेच्या तांबड्या रंगाच्या रेणूरचनेचाही शोध घेतला. १९६१ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. १९६६ साली संचालकपदाची धुरा त्यांचेच शिष्य, विदर्भातील कारंज्याचे डॉ. बा. द. टिळक यांच्याकडे आली. १९८१ साली वेंकटरामन यांचे निधन झाले.

शिष्याने गुरूचे कार्य पुढे न्यावे, यापरते शिक्षकाचे दुसरे स्मारक नाही. विद्येचा खरा रंगही शाळेच्या सावलीत नव्हे, तर बाहेरच्या उन्हातच पारखला जातो.