दीड दिवसाची शाळा आणि मुंबईतले घर

सांगली आणि मिरज या दोन शहरांना लागून असलेल्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आज असंख्य हातांना काम मिळते. त्यातील अनेकांपाशी विद्यापीठाची पदवी नसते. तरीही आसपासच्या गावातील स्वतःच्या घरातून निघून पाळीवर जाणे आणि संध्याकाळी त्याच घरी परतणे त्यांना शक्य होते. शंभर वर्षांपूर्वी या भागात अशी सोय नव्हती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाच १९६२ सालची. तत्पूर्वी कृष्णा-वारणेच्या काठच्या भूमिहीन माणसाला पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागे. त्याच वाटेने गेलेला वाटेगावचा एक मुलगा पुढे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. पदवी तर दूरच, प्राथमिक शाळेचा दाखलाही नसलेल्या माणसाला महागड्या शहरात राहणे परवडते काय, याचे उत्तर शोधायचे तर त्यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी झाला. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. मातंग समाजात जन्म, घरी जमीन नाही, गावकुसाबाहेरची वस्ती आणि त्यात ब्रिटिशांनी काही जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का, अशी ती परिस्थिती होती. वडील भाऊराव मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर बागकाम करीत आणि आई वालुबाई गावी मोलमजुरी करून घर चालवीत. मुलाला शाळेत घातले खरे, पण शिक्षकांच्या माराने आणि अपमानाने ते शिक्षण जेमतेम दीड दिवसात संपले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१९३१ च्या सुमारास दुष्काळ आणि उपासमारीला कंटाळून हे कुटुंब मुंबईला निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून ते पायी निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, त्यावर चार दिवस काढायचे आणि पुन्हा चालू लागायचे, असा तो अनेक आठवड्यांचा प्रवास होता. भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड थाटल्यावर अण्णाभाऊंनी कोळसा वेचला, ओझी वाहिली, हॉटेलात कपबशा धुतल्या, घरगडी म्हणून राबले आणि पुढे कापड गिरणीत कामाला लागले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचता वाचता. शाळेने नाकारलेले शिक्षण शहराच्या रस्त्याने दिले.

त्या काळी गिरणीत शिरण्यासाठी दाखला लागत नसे. मुकादमाची किंवा गाववाल्याची ओळख आणि धडधाकट शरीर एवढे पुरेसे असे. प्रश्न पगारावर राहायचे कोठे, हा होता. चाळीतील एका खोलीत गावाकडचे दहा-पंधरा जण राहत. एका पाळीचे लोक उठले की त्यांच्या जागी दुसऱ्या पाळीचे लोक पाठ टेकीत. जेवण खानावळीत होई आणि उरलेल्या पैशाची मनीऑर्डर गावी जाई. बायकामुले अर्थातच गावी राहत. मुंबईचा खर्च परवडायचा तो कुटुंबाचे दोन तुकडे करून. अण्णाभाऊंची सर्वांत गाजलेली छक्कड म्हणजे ‘माझी मैना गावावर राहिली’. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती घराघरांत पोहोचली आणि बेळगाव-कारवारच्या ताटातुटीचे दुःख तिने बोलून दाखविले. पण तिचा आधार होता तो मुंबईत एकट्याने राहणाऱ्या कामगाराचा हा रोजचा हिशेब. एका माणसाच्या पगारात मुंबईत एकच माणूस मावत होता.

मधल्या काळात अण्णाभाऊ गावी परतले, चुलतभावाच्या तमाशाच्या फडात रमले आणि चळवळीच्या ओढीने पुन्हा मुंबईला आले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी त्यांचे नाते जुळले. स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा कामगारवस्त्यांत दुमदुमला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाला त्यांनी लोकनाट्याचे नवे रूप दिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ आणि ‘माझी मुंबई’ यांना मैदानावर हजारोंची गर्दी लोटू लागली. ‘माझी मुंबई’मध्ये त्यांनी शहराच्या मालकीचाच प्रश्न उभा केला. ज्यांच्या घामावर हे शहर उभे आहे त्यांचा त्यावर हक्क किती, असा त्याचा आशय होता.

हा प्रश्न विचारणारा शाहीर स्वतः घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहत होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने चाळींची भाडी गोठली. ज्यांच्यापाशी खोली होती त्यांना त्याचा आधार मिळाला. पण नव्या माणसाला खोली हवी तर पागडी मोजावी लागे आणि ती एकरकमी लागे. रोजंदारीवर जगणाऱ्याला ती जमणे कठीण. अशा माणसासाठी शहरात एकच जागा उरली, ती म्हणजे झोपडी. चिरागनगरच्या त्या झोपडीत अण्णाभाऊंनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि आपले बरेचसे लेखन तेथेच केले.

महागडे शहर अशिक्षित माणसाकडून काय वसूल करते, हे त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेइतके क्वचितच कोठे दिसते. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईला येतो. उपनगरातील दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. अंगातली ताकद एवढेच त्याचे भांडवल. खाण बंद पडते आणि त्या ताकदीला गिऱ्हाईक उरत नाही. मग तो स्मशानातील राख चाळून आणि मढी उकरून सोने शोधू लागतो. त्यासाठी कोल्ह्यांशी झुंजतो आणि अखेर मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटे गमावून बसतो. त्याच सुमारास बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, पण दगड फोडणारा हात आता निकामी झालेला असतो. भीमाला आळस नाही आणि चैनीचा सोस नाही. मध्ये काम नसलेले काही दिवस काढायला त्याच्या गाठीशी काही नाही, एवढीच त्याची चूक.

१९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासाचे वर्णनही त्यांनी लिहिले. तीसहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, पोवाडे, लोकनाट्ये आणि त्यांच्या कथांवर निघालेले मराठी चित्रपट असा हा संसार होता. तरीही मुंबईत स्वतःचे घर घेण्याइतका पैसा त्यांच्या हाती कधी राहिला नाही. लेखकाचे मानधन तुटपुंजे आणि तेही अनिश्चित असे. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये शासनाकडून त्यांना राहण्यास जागा मिळाली. तेथे त्यांना फार दिवस लाभले नाहीत. आजारपण, व्यसन आणि एकाकीपणाने खंगलेल्या अण्णाभाऊंचे १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी निधन झाले.

त्यानंतर मुंबई पुष्कळ बदलली. दाखला न विचारता माणसाला कामावर घेणाऱ्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. राहण्याचा प्रश्न मात्र जागीच राहिला. २०११ च्या जनगणनेत मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत असल्याचे नोंदले गेले. पदवी नसलेला रिक्षाचालक, सुरक्षारक्षक किंवा घरकाम करणारी बाई या शहरात राहू शकते ती बहुधा अशाच वस्तीत.

अण्णाभाऊंना मरणोत्तर सन्मान भरपूर मिळाले. २००२ साली टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांची पुस्तके विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात लागली आणि त्यांच्यावर प्रबंध लिहून अनेकांनी डॉक्टरेट मिळविली. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने एवढ्यांना पदव्या मिळवून दिल्या. पदवीविना माणूस शिकू शकतो, राबू शकतो आणि शहराला त्याची भाषाही देऊ शकतो, हे त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले. परवडले नाही ते फक्त घर. ज्याच्या कर्तृत्वाविषयी शंका घ्यायला जागा नाही, त्यालाही मुंबईत स्वतःचे छप्पर जमले नसेल, तर उणीव त्या माणसाच्या शिक्षणात शोधून भागणार नाही. ती शहराच्या घरांच्या हिशेबात शोधावी लागेल.