कुष्ठसेवक वेलस्ली बेली

दिल्लीला लागून असलेल्या नोएडा शहरात ‘द लेप्रसी मिशन’ या संस्थेचे प्रसारमाध्यम केंद्र आहे. त्याच्या दारावरून रोज शेकडो लोक ये-जा करीत असतील. परंतु ज्या कार्यासाठी ते उभे आहे त्याचा आरंभ वर्षाला अवघे तीस पौंड जमवून देण्याच्या एका घरगुती वचनाने झाला, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. हे वचन ज्यांच्या शब्दांवरून दिले गेले ते वेलस्ली कॉस्बी बेली आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतूनही आता विस्मृतीत चालले आहेत.

बेली यांचा जन्म १८४६ साली आयर्लंडमध्ये झाला. तरुणपणी त्यांना सेवेची ओढ होती असे मुळीच नाही. नशीब काढावे म्हणून विसाव्या वर्षी ते जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे निघाले. प्रस्थानापूर्वीच त्यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले. तरी पुढे काय करावयाचे याचा उलगडा मात्र झाला नव्हता. न्यूझीलंड व न्यू कॅलेडोनिया येथे हात रिकामेच राहिले. मायदेशी परतून मग ते हिंदुस्थानात आले, ते पोलीस खात्यात शिरण्याच्या इराद्याने. त्यांचे वडील बंधू फैजाबादला त्याच खात्यात होते. तेथे एका जर्मन मिशनरीच्या सहवासात त्यांचा विचार पालटला आणि १८६९ साली ते अंबाला येथील अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशनचे ज्येष्ठ सेवक डॉ. मॉरिसन यांनी त्यांना जवळच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत नेले. झोपड्यांच्या त्या रांगेत बोटे झडलेले, चेहरे विद्रूप झालेले, दृष्टी गेलेले स्त्री-पुरुष होते. घरच्यांनी त्यांना टाकले होते आणि गावाने हाकलले होते. बेली शहारले, पण ख्रिस्ताच्या कार्याशी इतके जवळचे दुसरे काम नाही, असे त्यांच्या मनाने तेथेच घेतले. तेव्हा या रोगावर औषध नव्हते. नॉर्वेच्या हॅन्सेन यांना त्याचा जंतू १८७३ साली दिसला. तोपर्यंत हा रोग वंशपरंपरेने येतो, असे मोठमोठे वैद्यही मानीत.

१८७१ साली ॲलिस ग्रॅहम आयर्लंडहून आल्या आणि मुंबईत त्यांचा विवाह झाला. बेलींच्या चरित्रात या बाईंचे नाव कोपऱ्यात टाकले जाते, ते योग्य नव्हे. त्यांच्या प्रकृतीमुळे दांपत्याला परत जावे लागले आणि त्यांच्याच मैत्रिणी, डब्लिनजवळच्या मंक्सटाऊनच्या पिम भगिनी, या कार्याच्या पहिल्या आश्रयदात्या झाल्या. १८७४ साली त्या घरी बेलींनी अंबाल्यात पाहिलेले सांगितले. शार्लट पिम यांनी दर वर्षी तीस पौंड जमवून देण्याचे कबूल केले. बेलींची लहानशी पुस्तिका छापून वाटली गेली आणि पहिल्याच वर्षी सुमारे सहाशे पौंड जमले.

पैसा हाती आल्यावर काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. स्वतःचे मिशनरी पाठवावेत, स्वतःच्या नावाच्या इमारती बांधाव्यात, हा मार्ग बेलींना सहज मोकळा होता. त्यांनी दुसरा मार्ग धरला. ज्या गावी एखादे मिशन आधीपासून काम करीत होते, जेथील सेवकांना भाषा येत होती आणि लोकांचा विश्वास लाभला होता, त्यांनाच कुष्ठाश्रमासाठी द्रव्य द्यावयाचे. इमारतीचा खर्च आणि रोग्यांच्या अन्नवस्त्राची वार्षिक तरतूद डब्लिनहून यावी. देखरेख, औषधपाणी व धर्मशिक्षण स्थानिक मिशनने करावे. हिशेब व वृत्तांत देणगीदारांकडे जावा. प्रेस्बिटेरियन, ल्यूथरन, मेनोनाइट असा पंथभेद कोठेच आड येऊ दिला नाही. एकमेकांच्या उपासनेस न जाणारे पंथ एकाच निधीतून कुष्ठरोग्यांची सेवा करू लागले, हे त्या काळी लहान काम नव्हते.

१८७५ साली बेली परत आले ते स्कॉटलंडच्या मंडळीचे सेवक म्हणून, हिमालयातील चंबा संस्थानात. तेथे त्यांनी आश्रम उभारला. १८७८ साली मायदेशी रीतसर समिती नेमली गेली. १८८६ साली ते संस्थेचे पूर्णवेळ चिटणीस झाले आणि लगेच हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले. आश्रमामागून आश्रम पाहून ते नोंदी करीत. दूरच्या देणगीदाराला आपल्या पैशाचे काय होते हे प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने सांगितले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता.

महाराष्ट्रातही ही वाट पोहोचली. मिरजेला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. वानलेस यांचे रुग्णालय होते. तेथील कुष्ठाश्रमाला या संस्थेचा हात मिळाला. वऱ्हाडात परतवाड्याजवळ कोठारा येथे, मेळघाटच्या पायथ्याशी, कोरकू लोकांत काम करणाऱ्या एका छोट्या मिशनने कुष्ठसेवा आरंभिली आणि कोकणात पोलादपूरला तसेच काम उभे राहिले. त्याच सुमारास, १८९० साली, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी माटुंग्याला नगराच्या वतीने कुष्ठरुग्णालय उघडले. मराठी पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच ॲकवर्थ. पुढे सरकारही मिशनच्या आश्रमांना रोग्यांमागे अनुदान देऊ लागले.

भागीदारीची खरी कसोटी युद्धात लागली. पुरुलियाचा मोठा आश्रम १८८८ साली जर्मन गोस्नर मिशनच्या सेवकांनी उभारला होता. पहिले महायुद्ध पेटले, जर्मन सेवकांना देश सोडावा लागला. ब्रिटिश आणि जर्मन एकमेकांचे शत्रू झाले. तरी शेकडो रोगी रस्त्यावर आले नाहीत. आश्रम एकट्या एका मिशनचा असता, तर तो त्या वर्षी बंदच पडला असता.

या पद्धतीची उणी बाजूही सांगितली पाहिजे. रोग्यांना वेगळे ठेवावे, स्त्री-पुरुषांच्या वस्त्या निराळ्या असाव्यात, निरोगी मुलांना आईबापांपासून दूर वसतिगृहात वाढवावे, हे त्या काळचे वैद्यकीय मत बेलींनी स्वीकारले. मुले रोगापासून वाचली, ही गोष्ट खरी. पण कुंपणापलीकडून मूल पाहणाऱ्या आईला कोणी काही विचारले नव्हते. द्रव्य देणारे व देखरेख करणारे यांच्यात करार झाला. रोग्याला त्यात बोलण्याची जागा नव्हती. ती मिळण्यास पुष्कळ वर्षे गेली.

१९०६ साली अमेरिकेत संस्थेची शाखा निघाली. १९१३ साली सदुसष्टीच्या घरात आलेले बेली ॲलिसबाईंसह चीन, जपान, कोरिया, हिंदुस्थान असा अखेरचा लांबचा दौरा करून आले. १९१७ साली त्यांनी चिटणीसपद सोडले, तेव्हा बारा देशांत सत्त्याऐंशी ठिकाणी चौदा हजारांहून अधिक रोग्यांची सोय होत होती.

२८ जानेवारी १९३७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, एडिंबरो येथे बेली प्रभूकडे गेले. गुणकारी औषध त्यांना पाहावयास मिळाले नाही. सल्फोन औषधांचा गुण १९४० च्या दशकात दिसू लागला आणि १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. त्यानंतर आश्रमात जन्म काढण्याचे कारणच उरले नाही. १९६५ साली संस्थेने आपल्या नावातील ‘लेपर्स’ हा शब्द काढला, कारण तो माणसावर डाग ठेवीत होता. भारतातील काम पुढे येथील विश्वस्तांच्या हाती आले. २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. तरी जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. कोठाऱ्याचे रुग्णालय आता सामुदायिक रुग्णालय झाले आहे. कुष्ठरुग्णांच्या जोडीने मेळघाटच्या पायथ्याची इतर आजारी माणसेही तेथे उपचारास येतात.