कर्व्यांनी विमा आश्रमाला देऊन टाकला, पण घर कुणी चालवलं? बाया कर्व्यांची गोष्ट

महर्षी कर्वे म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते एसएनडीटी विद्यापीठ, भारतरत्न आणि १०४ वर्षांचं आयुष्य. आजही खांदेश्वरहून हार्बरची लोकल पकडून सीएसएमटी आणि तिथून चर्चगेटच्या एसएनडीटीत जायचं, म्हणजे कर्व्यांच्याच विद्यापीठात शिकायला जायचं. पण कर्वे जेव्हा साठवलेली पुंजी, पगारातला वाटा, विमा असं एकेक करून संस्थेला देत सुटले होते, तेव्हा त्यांच्या घरात चूल कशी पेटत होती?

त्याचं उत्तर म्हणजे त्यांच्या पत्नी आनंदीबाई. घरात आणि गावात सगळे त्यांना बाया म्हणायचे.

बायांचं मूळ नाव गोदावरी, घरची गोदू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या जोशांची ही मुलगी. घरची परिस्थिती बेताची. आठव्या वर्षी नातूंच्या घरात तिचं लग्न लागलं आणि तीनेक महिन्यांत नवरा वारला. लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत ती विधवा झाली होती. पुढे त्या काळच्या रीतीप्रमाणे केशवपन झालं आणि सासरी राबणं सुरू झालं. कोकणातल्या घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत जेवढं काम असतं, तेवढं सगळं. मजबूत बांध्याची होती म्हणून निभावलं. अशीच आणखी पन्नास वर्षं काढली असती तर कुणालाही त्यात वावगं वाटलं नसतं.

पण तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता आणि धोंडो केशव कर्वे हे त्याचे मित्र. दोघांचं बिऱ्हाड एकत्र होतं. नरहरपंतांनी बहिणीला मुंबईला आणलं. त्याच सुमारास, ११ मार्च १८८९ ला, पंडिता रमाबाईंनी चौपाटीला शारदा सदन सुरू केलं. विधवांना शिकवणारी ही शाळा. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. वयाची विशी तेव्हा उलटून गेली होती. ज्या वयात त्या काळच्या बायका दोन-तीन मुलांच्या आया झालेल्या असायच्या, त्या वयात गोदूबाई पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या.

१८९१ मध्ये कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. मागे लहानगा रघुनाथ. कर्वे त्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. तिशी ओलांडलेल्या प्रोफेसराला दहा-बारा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती, समाजाची तीच रीत होती. कर्व्यांनी मात्र लग्न करीन तर विधवेशीच असं ठरवलं आणि गोदूबाईंना मागणी घातली. ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. शारदा सदन उघडलं तोच हा दिवस, बरोबर चार वर्षांनी. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

आता खरा तमाशा पुढे आहे.

नवं जोडपं मुरुडला गेलं. मुरुड म्हणजे दापोलीजवळचं कर्व्यांचं गाव, ज्या गावासाठी कर्व्यांनी लग्नाच्या कितीतरी आधी मुरुड फंड उभा केला होता. त्याच गावाने सभा घेऊन त्यांना वाळीत टाकलं. कर्व्यांना घरात घेतलं तर त्यांची आई आणि भावंडंही वाळीत, असा ठराव झाला. स्वतःच्या घराच्या ओसरीवर बसायची चोरी. कर्व्यांना निदान कॉलेज होतं, मित्र होते, सुधारकांची वाहवा होती. बायांना काय होतं? ना सासर, ना हळदीकुंकवाची आमंत्रणं. पुण्यातसुद्धा पुनर्विवाह केलेल्या बाईच्या हातचं पाणी अनेक घरांत चालत नव्हतं.

मग १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. कर्वे आधी विधवाविवाहाचे प्रचारक होते. पण आईवडील आपल्या विधवा मुलीला लग्नासाठी पाठवायला तयार नाहीत, शिकायला मात्र पाठवतील, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यामुळे आश्रमाचा भर शिक्षणावर. इथे पुनर्विवाह लावत नाहीत, याची लोकांना खात्री पटणं गरजेचं होतं. आणि आश्रमाच्या संस्थापकाची बायको स्वतःच पुनर्विवाहित. त्यामुळे ज्या कामाची सुरुवात एका अर्थाने बायांच्या लग्नापासून झाली, त्याच कामात बायांना जागा नव्हती. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, ती आश्रमात शिकली, पुढे आश्रमाचा आधारस्तंभ झाली, निधी जमवायला थेट अमेरिकेपर्यंत गेली. बाया मात्र सुरुवातीला उंबऱ्याबाहेर.

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेला माळ, त्यावर एक झोपडी. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी हिंगण्याला चालत जायचे, चिखल तुडवत. हे चालणं पुढे पाठ्यपुस्तकात आलं. पण त्या वेळी पुण्याच्या घरात मुलं सांभाळत कोण बसलं होतं, हे पुस्तकात नाही.

पैशाचं गणित तर फारच अवघड होतं. फर्ग्युसनच्या आजीव सदस्याला तेव्हा महिना ७५ रुपये मिळायचे. आश्रम सुरू करताना कर्व्यांनी साठवलेले १००० रुपये देऊन टाकले. पुढे बायकामुलांसाठी म्हणून काढलेली ५००० रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. आजच्या भाषेत सांगायचं तर टर्म इन्शुरन्सवर नॉमिनी म्हणून बायकोऐवजी ट्रस्टचं नाव लावलं.

बाया यावर चिडल्या, रडल्या, भांडल्या. आणि त्यांचं चुकलं असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? आठव्या वर्षी वैधव्य काय असतं हे पाहिलेली बाई. नवरा उद्या गेला तर पदरात मुलं आणि पाठीशी ना सासर ना समाज, हे त्यांना कर्व्यांपेक्षा जास्त चांगलं कळत होतं. आपल्याकडे थोर माणसांच्या बायका कायम सोशिक दाखवल्या जातात. बाया तशा नव्हत्या. त्यांनी हिशेब मागितला.

आणि हिशेब मिळत नाही म्हटल्यावर कंबर कसली. नागपूरला जाऊन सुईणकामाचं शिक्षण घेतलं आणि पुण्यात बाळंतपणं करायला लागल्या. समाजाने ज्या हातचं पाणी नाकारलं होतं, त्याच हातांत समाजाची पोरं जन्माला येऊ लागली. त्या कमाईवर घर चाललं. घर म्हणजे तरी काय, सावत्र मुलगा रघुनाथ, स्वतःचे शंकर, दिनकर आणि भास्कर, शिवाय आसऱ्याला आलेली माणसं. कुणी शिकायला आलेलं, कुणी घरच्यांनी टाकलेलं. अडलेल्या विधवांसाठीही बायांचं दार उघडं असायचं. ज्या आश्रमात त्यांना जागा नव्हती, त्याच्यासाठी आणि पुढे महिला विद्यापीठासाठीही त्यांनी उतारवयात वर्गण्या गोळा केल्या. राग होता, तो कामावर कधी काढला नाही.

या घरातून काय बाहेर पडलं ते बघा. रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून प्रोफेसरची नोकरी गेली, तरी 'समाजस्वास्थ्य' मासिक मरेपर्यंत चालवलं. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' त्यांच्यावरच आहे. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोम्बासाला गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि त्यांची पत्नी म्हणजे 'युगान्त'वाल्या इरावती कर्वे. वाळीत टाकलेल्या घरात आता पीएचडी केलेली, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी सून होती. भास्कर हिंगण्याच्या संस्थेतच रमले.

भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाई यांच्यामुळे आपल्याला बायांची गोष्ट त्यांच्याच तोंडून कळते. बायांच्या आठवणी त्यांनी संपादित केल्या आणि १९४४ मध्ये 'माझे पुराण' हे पुस्तक आलं. आपल्या आयुष्याला चरित्र वगैरे न म्हणता पुराण म्हणायचं, यातच बायांचा स्वभाव दिसतो. त्यात कर्व्यांचं कौतुक आहे आणि कर्व्यांवरच्या तक्रारीही आहेत.

१९५० मध्ये बाया गेल्या. कर्व्यांना भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये. १९७२ च्या सुमारास वसंत कानेटकरांनी या संसारावर नाटक लिहिलं. पात्रांची नावं बदलली, पण बायकोचं नाव ठेवलं बयो, आणि नाटकाचं नाव 'हिमालयाची सावली'. अलीकडे ते पुन्हा रंगभूमीवर आलं होतं. 'माझे पुराण' मात्र दुकानात शोधावं लागतं.