नगर स्टेशनला उतरलेले नेहरू

चाचा नेहरू म्हटलं की मला कोटावरचा गुलाब आठवतो. आमच्या शाळेत दर १४ नोव्हेंबरला कुणीतरी शेरवानी घालून स्टेजवर उभा असायचाच! इंजिनिअरिंगला नगर जिल्ह्यात आलो, किल्ला पाहिला आणि मग त्यांच्याविषयी जरा नीट वाचलं. तेव्हा मला भेटले ते आगगाडीतले नेहरू.

त्यांचा जन्म १८८९ चा, अलाहाबादचा. वडील मोतीलाल नामांकित वकील. १९०५ मध्ये ते बायको, जवाहर आणि धाकटी मुलगी यांना घेऊन विलायतेला गेले. पंधरा वर्षांच्या जवाहरला हॅरोच्या शाळेत ठेवून बाकीचे परत आले. म्हणजे नेहरूही आपल्यासारखेच होस्टेलवाले! पुढे केंब्रिजला विज्ञानाची पदवी घेतली, बॅरिस्टर झाले आणि १९१२ ला मायदेशी आले. १९१६ मध्ये कमलाजींशी लग्न झालं, १९१७ मध्ये इंदिरा झाली. त्यानंतर गांधीजी, असहकार, सभा, तुरुंग. घरासाठी वेळ उरलाच नाही.

मग कमलाजींना क्षय झाला. मार्च १९२६ मध्ये तिघं मुंबईहून बोटीने व्हेनिसला आणि तिथून स्वित्झर्लंडला गेली. काही महिन्यांसाठी म्हणून गेलेलं हे कुटुंब पावणेदोन वर्षं युरोपात राहिलं. जिनिव्हात आठ वर्षांची इंदिरा शाळेत जाऊ लागली. मोंताना या डोंगरातल्या गावी कमलाजींवर उपचार झाले. नेहरू तिथे बर्फावर स्कीइंगही शिकले! धाकटी बहीण कृष्णा येऊन राहिली. कमलाजींना बरं वाटू लागल्यावर फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी असा प्रवास झाला. १९२७ च्या सप्टेंबरात मोतीलालही आले. नोव्हेंबरमध्ये वडील, मुलगा, सून आणि कृष्णा अशी मंडळी बर्लिनहून रेल्वेने मॉस्कोला निघाली. रशियाच्या हद्दीवर गाडी बदलावी लागली. का, ते मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी ओळखलं असेलच. युरोपात रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, तिकडे १५२४!

नेहरूंच्या आयुष्यात एवढा निवांत काळ पुन्हा फारसा आला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये मोतीलाल सोडून बाकीचे परतले आणि चळवळ पुन्हा सुरू झाली. १९३१ मध्ये मोतीलाल गेले. कमलाजींचं दुखणं उलटलं. १९३५ मध्ये त्या जर्मनीत बाडेनवायलरला उपचार घेत होत्या आणि नेहरू अल्मोड्याच्या तुरुंगात. सप्टेंबरमध्ये सुटका होताच ते विमानाने तिकडे गेले. २८ फेब्रुवारी १९३६ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला कमलाजी वारल्या. त्या फक्त ३६ वर्षांच्या होत्या.

आता तिसरी गाडी. ९ ऑगस्ट १९४२, मुंबईचं व्हीटी स्टेशन. भारत छोडोचा ठराव झाला आणि पहाटेच सगळ्या नेत्यांना पकडून स्पेशल ट्रेनमध्ये बसवलं. पुणे स्टेशनवर पोलीस लोकांवर लाठ्या चालवताना दिसले, तसे नेहरू रागाने खिडकीतून खाली उतरले. त्यांना धरून पुन्हा डब्यात आणलं. ही गाडी थांबली ती आपल्या नगरला! किल्ल्यात मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बारा जण होते. आझादांची पत्नी १९४३ मध्ये कलकत्त्यात वारली, तेव्हा ते इथेच अडकलेले होते. शेवटची भेटसुद्धा झाली नाही.

नेहरू या किल्ल्यात मार्च १९४५ पर्यंत होते. ते बागकाम करायचे, वाचायचे. १९४४ मध्ये पाच महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. भारताच्या पाच हजार वर्षांचं हे पुस्तक, पण त्यात सुरुवातीलाच येतात बाडेनवायलर, लोझान आणि कमला! तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष दिलं नाही, हे ते त्यात मोकळेपणाने कबूल करतात. वाचताना मी तिथेच थांबलो.

पुढे ते सतरा वर्षं पंतप्रधान होते आणि २७ मे १९६४ ला गेले, हे आपल्याला पाठच आहे. पण दौंड-मनमाड लाइनवरच्या आपल्या स्टेशनवर उतरलो की मला ते किल्ल्यातले नेहरू आठवतात. सबमिशन, सबमिशन म्हणत मीही दोन सुट्ट्या घरी गेलो नव्हतो. यंदा दिवाळीचं रिझर्व्हेशन आधीच केलंय. मित्रांनो, तुम्ही केलंत का?