गुलाम झालेला पॅट्रिक

मुलांस पवित्र जनांची चरित्रे सांगावी काय, असा प्रश्न शब्बाथशाळेच्या शिक्षकांस पडतो. सांगावी, असे आम्हांस वाटते. मात्र जे खरे तेच सांगावे. पॅट्रिकचेच उदाहरण घेऊ.

त्याने आयर्लंडातील सर्व साप हाकलून दिले, ही कथा मुलांस आवडते. परंतु त्या बेटावर साप मुळी नव्हतेच, असे शास्त्रज्ञ सांगतात. आणि पॅट्रिकने वृद्धपणी लॅटिन भाषेत लिहिलेल्या आत्मनिवेदनात ही कथा नाही. त्यात जे आहे ते ह्याहून मोलाचे आहे.

पाचव्या शतकातील ही हकीकत. ब्रिटनमधील ह्या मुलाचा बाप डीकन होता, आजा पाळक होता. तरी मुलगा देवास ओळखत नव्हता. तो सुमारे १६ वर्षांचा असता लुटारूंनी त्यास धरून आयर्लंडात नेले व गुलाम केले. सहा वर्षे त्याने धन्याची मेंढरे राखली. त्या रानात त्याचे मन देवाकडे वळले. हिम असो की पाऊस, तो पहाटेपूर्वी उठे आणि दिवसातून शंभर वेळा प्रार्थना करी. शेवटी तो निसटला, सुमारे २०० मैलांवरील जहाज त्याने गाठले आणि पुढे तो घरी पोचला.

आता आम्हांस सोडून जाऊ नको, अशी आप्तांनी त्याची विनवणी केली. पण आयर्लंडचे लोक आपणांस हाक मारीत आहेत असे त्याने स्वप्नात पाहिले, आणि ज्यांनी गुलाम केले त्यांच्याकडेच तो सुवार्ता घेऊन परत गेला. हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. लोकांनी आणलेल्या भेटी तो परत करी. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांनी नवख्रिस्ती लोकांस ठार केले व कित्येकांस गुलाम करून नेले, तेव्हा पॅट्रिकने उघड पत्र लिहून त्यांचा तीव्र निषेध केला. गुलामाचे दुःख त्याने स्वतः भोगले होते.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. सुमारे १५ वर्षांचा असता त्याच्या हातून एक पाप घडले होते. ते त्याने विश्वासाने एका मित्रास सांगितले. पुढे ३० वर्षांनी मंडळीतील वडील जनांनी तेच त्याच्याविरुद्ध काढले. पॅट्रिकने ते झाकले नाही. आपल्या निवेदनात स्वतःच लिहून ठेवले, आणि देवाच्या कृपेची स्तुती केली.

शिक्षक बंधुभगिनींनो, पौलाने करिंथच्या दोषांनी भरलेल्या मंडळीसही पवित्र जन म्हटले. साप हाकलणारा पुरुष पाहून आपले मूल दूरच उभे राहील. पण चुकलेला, रानात रडलेला, क्षमा पावलेला आणि वैऱ्यांकडे प्रेमाने परतलेला मेंढपाळ पाहून, आपल्या गावची मेंढरे राखणारे पोरही म्हणेल की ही वाट माझ्यासाठीही आहे.