मादाम क्यूरी यांचा प्रबंध

पदवी मिळाली की शिक्षण संपले, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु संशोधक विद्यार्थ्याचे खरे शिक्षण तेथूनच सुरू होते. तोवर तो इतरांनी शोधलेले शिकत असतो. पुढे त्यास कोणासही ठाऊक नसलेले शोधावयाचे असते. याचे उज्ज्वल उदाहरण म्हणून आम्ही मादाम मेरी क्यूरी यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा नगरीत त्यांचा जन्म झाला. त्या काळी तेथे रशियाचा अंमल होता व विद्यापीठात स्त्रियांस प्रवेश नव्हता. थोरल्या बहिणीस पॅरिसमध्ये वैद्यक शिकता यावे म्हणून मेरीबाईंनी काही वर्षे परक्या घरी मुलांना शिकविण्याची नोकरी केली. १८९१ साली त्या स्वतः पॅरिसला गेल्या. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. पुढील वर्षी गणिताची पदवीही त्यांनी मिळविली. १८९५ साली शास्त्रज्ञ पिएर क्यूरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

आता डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी विषय हवा होता. युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण निघतात, हे १८९६ साली बेकरेल यांस आढळले होते. मेरीबाईंनी तोच विषय घेतला. घरी मुलगी तान्ही होती आणि कामास जागा मिळाली ती एक दमट कोठी. या किरणांमुळे हवेतून अत्यल्प वीजप्रवाह वाहू लागतो. पिएर व त्यांचे बंधू यांनी बनविलेल्या सूक्ष्म उपकरणाने तो मोजीत त्यांनी एकामागून एक खनिजे तपासली. तेव्हा पिचब्लेंड नामक खनिजाचा आकडा खुद्द युरेनियमच्या सुमारे चौपट भरला! खनिजात युरेनियम तर अंशतःच असते. मग हे बळ आले कोठून? मोजण्यात चूक झाली, असेच कोणासही वाटले असते. मेरीबाईंनी पुनःपुन्हा मोजले; आकडा ढळेना. तेव्हा खनिजात एखादे अज्ञात मूलद्रव्य दडले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी निर्भयपणे काढला.

पिएरही या कामात सामील झाले. जुलै १८९८ मध्ये त्यांनी पोलोनियम जाहीर केले; मायभूमीचेच नाव त्यास दिले. डिसेंबरात रेडियम जाहीर झाले. परंतु रसायनशास्त्रज्ञांस ते तराजूत तोललेले हवे होते. म्हणून एका गळक्या शेडमध्ये मेरीबाई खनिजाचा टाकाऊ गाळ उकळीत, लोखंडी कांबेने ढवळीत राहिल्या. १९०२ साली टनावधी गाळातून हाती आला तो रेडियमच्या क्षाराचा एक दशांश ग्रॅम! जून १९०३ मध्ये त्यांस डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी पिएर व बेकरेल यांच्यासह नोबेल पारितोषिकही. १९११ साली रसायनशास्त्राचे नोबेल त्यांस एकटीस लाभले.

या विद्येचे मोलही त्यांनी चुकविले. वर्षानुवर्षे किरणांच्या सान्निध्यात राहून जडलेल्या रक्तविकाराने ४ जुलै १९३४ रोजी त्या निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रहो, पुस्तकातील उत्तराशी जुळावा म्हणून प्रयोगवहीतील आकडा खोडणारी मुले आम्ही नित्य पाहतो. आमचे सांगणे एवढेच : आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजा, चूक सापडल्यास सुधारा; पण न सापडल्यास तो आकडा खोडू नका. मेरीबाईंनी तो खोडला असता, तर रेडियमचा मान दुसऱ्या कोणास मिळाला असता.