भिडे वाड्यातील आद्य शिक्षिका : सावित्रीबाई फुले

आपल्या जळगाव-धुळे भागातील समाजबांधव पुण्यास गेले म्हणजे दगडूशेठ गणपतीचे दर्शन घेतात. त्या मंदिरासमोरच तात्यासाहेब भिडे यांचा वाडा होता. १८४८ साली जोतीराव फुले यांनी तेथे मुलींची शाळा काढली व त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली विवाह झाला तेव्हा त्यांस अक्षरओळखही नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकविले.

शाळेच्या वाटेवर लोकांनी त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकले, ही हकीकत आपल्या सभांतून इतक्या वेळा सांगितली जाते की, वर्गात शिरल्यावर त्या करीत काय, हे विचारावयाचे राहूनच जाते. वाचन, व्याकरण, अंकगणित हे विषय त्या काळी मुलींना शिकवावयाचे, आणि तेही वेतन न घेता! १८४९ साली याच कार्यापायी पतिपत्नींस सासऱ्यांचे घर सोडावे लागले. ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा भरली, ती अवघ्या आठ मुलींची. पुढे रास्ता पेठ व वेताळ पेठ येथेही शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. त्या मानाचा अर्धा वाटा या बिनपगारी शिक्षिकेचा होता, असे आम्हांस वाटते.

दीर्घकाळच्या न्यायालयीन वादानंतर, स्मारकाकरिता, डिसेंबर २०२३ मध्ये भिडे वाड्याची जीर्ण इमारत पाडण्यात आली. जुनी वास्तू डोळ्यांआड झाल्याची हळहळ स्वाभाविक आहे; परंतु सावित्रीबाईंच्या शाळेस स्वतःचे छप्पर असे कधी नव्हतेच. ज्याने ओसरी दिली, तेथे त्यांनी वर्ग भरविला.

१८६३ साली फसविल्या गेलेल्या विधवांसाठी या दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथेच जन्मलेल्या यशवंतास त्यांनी दत्तक घेतले; तो पुढे डॉक्टर झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. १८९३ साली सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. यशवंतरावांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तो दवाखाना गाठला. त्यातच त्यांस रोगाची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.